पेण, रोहा आणि मावशीची दुबई

“दुश्मनाला मिशी नको हां, शेठ. मिशी आपल्या जवानाला.”

मी हमरापूरच्या एका गणपती कारखान्यात उभी होते. समोरच्या फळ्यांवर नुसते हात वाळत ठेवले होते, कोपरापासून पुढचे, सगळे आशीर्वाद देणारे. त्यांच्या पलीकडून हे वाक्य आलं. बोलणारा माणूस मुंबईच्या कुठल्यातरी मंडळाचा होता. गॉगल कपाळावर चढवलेला, सोबत एक मित्र, मित्राच्या हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये त्यांना हव्या असलेल्या देखाव्याचं चित्र. रणगाड्यावर बसलेले बाप्पा, दोन्ही बाजूंना बंदुका घेतलेले आपले जवान, आणि खाली पडलेले शत्रू.

“मिशी नाय लावत,” कारखान्याचे मालक बाळाशेठ म्हणाले. ते प्लास्टिकच्या खुर्चीत मांडी घालून बसले होते. “पन दादा, आधीच सांगतो, तोंड तेच येल. सैनिकाचा साचा आपल्याकडं एकच हाय.”

“एकच म्हणजे?”

“एकच म्हणजे एकच. हिरवा मारला की आपला, काळपट मारला की त्यांचा.”

“असं कसं? लोकांना कळलं पाहिजे ना कोण कुठला ते.”

“मग डोळे लाल करतो. डोळे लाल केले की लांबून कळतं.”

“आणि उघडे ठेवा डोळे,” मित्र म्हणाला. “मरताना घाबरलेले दिसले पाहिजेत.”

मी सहसा बोलत नाही, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. माझं नाव गार्गी. मुलुंडला राहते, शाळा-कॉलेज सगळं इंग्रजीत झालं, त्यामुळे मराठी बोलताना मी शब्द आधी डोक्यात तपासून घेते आणि तोवर समोरच्यांचं बोलणं पुढे गेलेलं असतं. या प्रवासाचं कारणही माझं इंग्रजीच. रोह्याच्या शैलामावशीने आईला फोन केला आणि शेजारणीकडून मिक्सर मागावा तसं मला मागून घेतलं. “निखिलचा इंटरव्ह्यू हाय इंग्लिशमधे. पोरीला दोन दिवस पाठव.” निखिल म्हणजे मावशीचा एकुलता एक मुलगा. काका वारल्यापासून घरात ती दोघंच.

निखिलने मला रोह्यापर्यंत ट्रेनने येऊ दिलं नाही. तो सध्या हमरापुरात स्प्रे मारायचं काम करतो. “पेणला उतर, कारखाना दाखवतो, संध्याकाळी बाईकवरून घरी,” असा त्याचा बेत होता. म्हणून मी तिथे होते, त्या हातांच्या मागे.

हमरापूर

तुम्ही गेला नसाल तर सांगते. हमरापुरात घर आणि कारखाना वेगळा काढता येत नाही. पडवीत गणपती, मागच्या अंगणात गणपती, जिन्याखाली गणपती, आणि त्यांच्यातून वाट काढत एखादी बाई कुकर लावायला आत जाते. सगळ्या गावावर पांढरी बारीक पूड बसलेली असते, अगदी कढीपत्त्याच्या पानांवरही. आमच्या सोसायटीत गणपतीचे पाच दिवस सोडले तर कुणी कुणाच्या दाराकडे बघत नाही. इथे मी कारखान्यात पाऊल टाकलं आणि बाळाशेठांनी पहिला प्रश्न विचारला, “कुणाची गो तू?”

नाव नाही, काम नाही. कुणाची.

मला या प्रश्नाचा राग येतो. लहानपणी रोह्याला यायचो तेव्हापासून येतो. मी कुणाची कशाला असायला हवी? निखिलने माझ्या वतीने उत्तर दिलं. “शोभामावशीची. माझी मावसबहीण.” बाळाशेठांनी मान डोलावली आणि त्यानंतर मी त्यांच्या लेखी कुठेही बसायला मोकळी झाले.

निखिल मागच्या पडवीत काम करत होता. तोंडाला रुमाल, हातात स्प्रेची गन, पुढ्यात सैनिकांची रांग. ते अजून पांढरे होते. सगळ्यांची हनुवटी तीच, भुवया त्याच, खालचा ओठ जरा पुढे. कुणाचा कोण, हे ठरलेलं नव्हतं. निखिलने अर्ध्यांवर हिरवा मारला, गन धुतली, उरलेल्यांवर काळपट मारला. एवढ्यात झालं. इतक्या वर्षांत मी शत्रू या विषयावर जे काही वाचलंय, ऐकलंय, टीव्हीवर ओरडून सांगितलं गेलंय, ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत एक गन धुण्याएवढं निघालं.

“यांची आखणी कोण करतं?” मी विचारलं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. ते शेवटी करतात, हात स्थिर असलेला एकच माणूस करतो, आणि त्या वेळी शेजारी कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही.

निखिलला हसू आलं. “आखणी देवाची गो ताई. यांना काय आखणी? टिपके मारायचे लाल. मी तर म्हणत होतो मेलेले मिटलेल्या डोळ्यांचे देऊया, काम वाचतं. पण गिऱ्हाईकाला उघडे पायजेत.”

मी खांबाला टेकले. खांबाला सोनेरी रंग लागलेला होता, ते मला नंतर कळलं. कुर्त्याच्या पाठीवर तो पट्टा पुढचे दोन्ही दिवस होता आणि रोह्यात निदान प्रत्येक बाईने मला तो दाखवून दिला.

मंडळवाले ऑर्डर देऊन गेल्यावर बाळाशेठ खुशीत होते. त्यांनी आतून भाकरी मागवली. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कैरीच्या फोडी. पाठीमागे उभे असलेले रणगाडे ते मला दाखवत होते. प्लायवूडचे, वरून प्लास्टरचा लेप.

“गेल्या टायमाला गुहा चालल्या. त्याच्या आधी महाल. यंदा रणगाडा, मिसाईल. टीव्हीवर चालतं ते हमरापुरात चालतं. आता एकच काळजी, लढाई लवकर मिटू नये. एवढे रणगाडे मी खपवू कुठं?”

सगळे हसले. निखिलही हसला. माझ्या तोंडात भाकरी होती.

बाळाशेठ वाईट माणूस नाहीत, हे मला लिहायला हवं. त्यांनी मला दोनदा वाढलं, पंखा माझ्याकडे फिरवला, कुर्त्याचा डाग काढायला रॉकेल देऊ का विचारलं. रागाची अडचण हीच होती. मी रागावू कुणावर? मंडळवाल्यांवर? ते घरी जाऊन मुलीचा अभ्यास घेत असतील. साचा कुणीतरी दहा वर्षांपूर्वी बनवलेला. ज्यांनी खरे रणगाडे बनवले आणि विकले तेही कुठेतरी जेवताना पंखा पाहुण्यांकडे फिरवतच असणार. पण राग होता. जेवण झालं, हात धुतले तरी तो तसाच होता.

वडखळ, आणि नागोठण्याच्या पुढे

वडखळला निखिलने चहासाठी बाईक थांबवली. अलिबागला जाणाऱ्या गाड्या एकीकडे वळत होत्या, गोव्याकडच्या दुसरीकडे, आणि मधे जांभळाच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. निखिल चहात बिस्कीट बुडवत मला नोकरीची गोष्ट सांगू लागला, जशी क्रिकेटच्या मॅचची सांगावी.

तो रोह्याजवळच्या धाटावला एका केमिकल कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. कच्चा माल बोटीने यायचा. मग तिकडे समुद्रात बोटींवर मिसाईल मारायला लागले, बोटी आफ्रिकेला वळसा घालून यायला लागल्या, माल उशिरा, भाव दुप्पट, प्लांट बंद. पर्मनंटवाले घरी बसले पगारासकट. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना गेटवरच सांगितलं, उद्यापासून नको.

ही बातमी मी वाचली होती. इंग्रजी पेपरात, नाश्ता करताना, नकाशासकट. बोटींचा नवा मार्ग तुटक रेषेने दाखवला होता. तेव्हा मला ती बोटींची बातमी वाटली होती. ती निखिलची होती, आणि त्या तुटक रेषेच्या एका टोकाला धाटावचं गेट होतं, हे कुणी छापलं नव्हतं.

“आणि आता परदेशात जिथे जाणार तिथे काय काम?” मी विचारलं.

“वेअरहाऊस हेल्पर. त्यांची पोरं सगळी लढायला गेली ना. मग माल कोण उचलणार? म्हणून बाहेरची माणसं घेतात.”

“कसला माल?”

“बॉक्स.”

“बॉक्समध्ये काय?”

“ताई,” तो समजावणीच्या सुरात म्हणाला, “बॉक्समधे काय ते हेल्परला कोण सांगतो?”

त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. मावशीने मला शपथ घातली होती. आळीत तिने ‘दुबई’ सांगितलंय. रोह्याच्या त्या आळीत परदेश म्हणजे दुबईच, तिथे जाणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, पेढे मागतात फक्त. या दुबईत रात्री सायरन वाजतात एवढं सांगते, म्हणजे तुम्ही ओळखाल.

नागोठणं सोडून रोह्याच्या रस्त्याला लागलो आणि मागचं चाक बसलं. उन्हात गाडी ढकलत एका गावापर्यंत गेलो. पंक्चरवाला जेवायला गेला होता. समोर जिल्हा परिषदेची शाळा होती, सुट्टीमुळे बंद, भिंतीवर फळांची आणि प्राण्यांची चित्रं. आम्ही तिच्या सावलीत बसलो. माझ्या पाठीशी भिंतीत एक दगड होता, गुळगुळीत, बाकीच्या भिंतीपेक्षा गार. मी वळून बघितलं. वर इंग्रजी अक्षरं कोरलेली होती, खाली मराठी. या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. ‘इतकी’ आणि ‘इतक्यांनी’ मी म्हणते, कारण दोन्ही आकड्यांवर शाळेचा ऑइलपेंट चढला होता. एका आकड्यावर निळा, दुसऱ्यावर निळ्याच्या वर सिंहाची शेपटी.

“अरे, हा तर आमचा स्टंप,” निखिल म्हणाला. “शाळेत असताना मॅच खेळायला इकडे यायचो. दगडाला लागला की आऊट.”

शेजारच्या पडवीत एक म्हातारी जांभळं निवडत बसली होती. तिने आम्हाला हाक मारली. पाणी दिलं, आणि अर्थातच विचारलं, “कुणाची गो तू?”

यावेळी मी स्वतःच सांगितलं. शोभाची, रोह्याच्या. तिला शोभा ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं, तरी तिचं समाधान झालं. मी दगडाकडे बोट केलं.

“तो व्हय? त्यात आमचा पन एक हाय. आमच्या घराला बसऱ्याचं घर म्हनतात.”

“बसरा म्हणजे इराकमधलं?”

“काय ते म्हाईत नाय. बसऱ्याला गेलावता. माज्या सासऱ्याचा चुलता. लढाया नाय गेला हां, खेचरं हाकाया. तोफांचं सामान असायचं खेचरांवर. इथं काय नव्हतं, सायबानं सांगितलं पगार, कपडा, बूट. गेला बुटासाठी.” ती हसली. तिच्या तोंडात जांभळाचा रंग होता.

“मग?”

“मग काय? नाय आला.”

“कळवलं कुणी?”

“कोन कळवनार? पलीकडच्या वाडीचा एक जन परत आला, त्यानं सांगितलं, अमका गेला म्हनून. तवर बायको कुकू लावत व्हती. लोक नंतर तिलाच बोलले, बायकोला कळू नये काय म्हनून. तिला कसं कळनार?” तिने एक किडकं जांभूळ अंगणात टाकलं. “मागनं सरकारनं दगड लावला.”

“दगडावर नाव कुठे आहे त्यांचं?”

“नाव नाय. आकडा हाय.” मग आठवून म्हणाली, “तो पन आता रंगाखाली गेला.”

निखिल पंक्चरवाल्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, “ऐकलंस? तोसुद्धा हेल्परच होता.”

“ताई, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं,” निखिल म्हणाला.

म्हातारीने आम्हाला पानात जांभळं बांधून दिली आणि पैसे घेतले. दोन रुपये सुटे नव्हते तर आणखी मूठभर घातली. पुढचा सगळा रस्ता निखिलच्या पाठीमागे बसून मी एकच विचार करत होते. साहेब गेले, खेचरं गेली, तोफांच्या जागी ड्रोन आले, आणि सामान हाकायला माणूस अजूनही इथूनच नेतात. तेव्हा बूट दाखवले, आता व्हिसा. शंभर वर्षांत लढाई एवढी पुढे गेली म्हणतात. कुठे गेली?

रोहा

मावशीचं घर कुंडलिका नदीच्या बाजूच्या आळीत आहे. दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्यावर ब्लाउजपिसांचा ढीग. मावशीने खास जिताडा आणला होता. जिताडा हा खाडीचा मासा, या भागात जावयाला आणि साहेबाला करतात. मला केला म्हणजे माझी किंमत काय ठरली होती ते मला समजलं. कालवण इतकं चांगलं होतं की मी रागावलेली असूनही तीन वेळा भात घेतला.

आळीतल्या बायका मला बघायला येऊन गेल्या. कुणाची, शोभाची, अगोबाई, एवढी झाली, पाठीला काय लागलंय गो सोनेरी. “निखिल दुबईला चाललाय ना, हिला इंग्लिश शिकवायला आणलीय,” मावशी सांगत होती. ‘दुबई’ म्हणताना ती मशीनवरचा दोरा तोडत होती, मान खाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालीम सुरू झाली. एजंटने काही प्रश्न पाठवले होते आणि एक सूचना. काही कळलं नाही तर ‘येस सर’ म्हणायचं.

“व्हॉट आर युअर स्ट्रेन्थ्स?” मी विचारलं.

“फिफ्टी केजी, सर.”

“स्ट्रेन्थ म्हणजे तसं नाही रे. म्हणजे तुझे चांगले गुण.”

“हेल्परचा गुण दुसरा काय?” निखिल म्हणाला. तेच ठेवलं.

तो आंघोळीला गेला तेव्हा मी मावशीला गाठलं. आदल्या दिवसापासून तोंडात घोळवलेली वाक्यं होती. मी म्हटलं, मावशी, तिथे लढाई चालू आहे. वेअरहाऊसवरच पहिलं मारतात. तो जे बॉक्स उचलणार त्यात काय असेल आणि ते कुणाच्या घरावर पडेल हे तुलाही माहीत नाही, मलाही. त्याला पाठवू नकोस.

मावशीने मशीनवरचा पाय थांबवला नाही.

“इथं टाकी साफ करायला आत सोडलेलं त्याला,” ती म्हणाली. “मास्क नाय, काय नाय. डोळे सुजवून घरी आला. आठ दिवस मी वळचणीला बसवून धुतले डोळे. तवा तू आलीवतीस इचारायला?”

“मला माहीत नव्हतं, मावशी.”

“तेच बोलते मी. इथं मेला असता तर तुला कळलं पन नसतं. तिथं बॉम्ब पडला तर निदान टीव्हीवर येल.” शिवण चुकली, तिने कापड उसवायला घेतलं. “बॉक्समधे काय ते मला नको शिकवू. कंपनीत पिंपात काय असायचं ते कुठं कोण सांगत होतं? त्याला काम पायजे. तू त्याला बोलायला शिकव. बाकीचं मी बघते.”

तिचं खरं होतं, आणि ते खरं असल्यामुळे मला आणखी राग आला. टाकीत सोडणारे आणि तोफा पाठवणारे यांनी आपसात ठरवल्यासारखं सगळं करून ठेवलंय. एका दाराबाहेर गॅस, दुसऱ्या दाराबाहेर बॉम्ब, आणि मधल्या खोलीत बसलेल्या बाईला म्हणायचं, निवड, तुझी मर्जी आहे. आणि नंतर शांततेवर भाषणं करायची. मंडळवाले खाली शत्रू झोपवतात, डोळे उघडे ठेवायला सांगतात, पण निखिल त्या रांगेत कुठल्या रंगाचा? तो हिरवा नाही, काळपटही नाही. तो पांढराच. कुठल्याच देखाव्यात त्याला जागा नाही, आणि कुणाच्याही आरतीत त्याचं नाव येणार नाही.

हे सगळं मी मुलुंडला परत आल्यावर लिहितेय. तिथे मी फक्त ओट्याशी जाऊन पाणी प्यायले.

दुपारी इंटरव्ह्यू होता. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. निखिलने काकांचा इस्त्रीचा शर्ट घातला होता, खाली घरातली हाफपँट. मी दाराआड बसले होते, फोनला दिसणार नाही पण निखिलला दिसेन अशी. अडलं तर हळूच सांगायचं, असं ठरलं होतं. मावशी माझ्यासमोर जमिनीवर, हातात पुठ्ठ्याचा पंखा, पण स्वतःला वारा न घालता ती तो निखिलच्या दिशेने हलवत होती.

स्क्रीनवरचा माणूस टाय लावलेला होता. पाठीमागे एका उंच इमारतीचा फोटो. त्याचं इंग्रजी भराभर होतं, तो काहीतरी भरत होता आणि वर न बघता विचारत होता.

“स्ट्रेन्थ्स?”

“फिफ्टी केजी, सर.”

माणसाने वर बघितलं. “गुड,” तो म्हणाला. “व्हेरी गुड.” मावशीला ‘गुड’ कळलं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, कौतुकाने.

“लाऊड नॉइज? एनी प्रॉब्लेम विथ लाऊड नॉइज?”

हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. निखिलने क्षणभर विचार केला. “नो सर. गणपती, डीजे, एव्हरी इयर. नो प्रॉब्लेम.”

माणूस मोकळेपणाने हसला. निखिलही हसला. मावशीला काय झालं ते कळलं नाही, पण दोघं हसताहेत म्हणून तीही हसली आणि पंखा जोरात हलवू लागली. त्या खोलीत सायरन आत्ताच वाजून गेला होता आणि तो ऐकलेली मी एकटी होते.

“ओके. नेक्स्ट ऑफ किन?”

निखिलला ‘नेक्स्ट’ तेवढं ऐकू आलं. “येस सर. नेक्स्ट,” तो म्हणाला आणि पुढच्या प्रश्नासाठी सरसावून बसला.

“नो, नो. नेक्स्ट ऑफ किन. हू?”

“येस सर,” निखिल म्हणाला.

“हू? नेम,” माणूस वैतागला. “नेक्स्ट ऑफ किन.”

निखिलने दाराकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता. मला फक्त ओठ हलवायचे होते. ‘आईचं नाव सांग.’ त्याने ‘शैला’ म्हटलं असतं, त्या माणसाने ते लिहून घेतलं असतं, मावशीला आपलं नाव इंग्रजी इंटरव्ह्यूत निघालं म्हणून बरं वाटलं असतं, आणि काम झालं असतं. मला बोलावलं होतं ते एवढ्यासाठीच. बसऱ्याला गेलेल्या त्या माणसाला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. इथे विचारला जात होता, आणि ज्या भाषेत विचारला जात होता ती त्या घरात माझ्याशिवाय कुणाला कळत नव्हती.

मावशी पुढे झुकली. “काय गो?” तिने कुजबुजत विचारलं. “काय इचारतो तो?”

मी उठले. फोनमध्ये दिसेन अशी उभी राहिले, आणि कुजबुजले नाही.

“मावशी, तो विचारतोय हा कुणाचा. मेल्यावर कळवायला लागतं ना कुणाला तरी, म्हणून.”